पांढऱ्या समुद्राची पातळी

खाली ढगांचा समुद्र आणि त्यातून बेटांसारखी वर आलेली शिखरं. असा फोटो कुणालाही दाखवला की पहिला प्रश्न येतो, "कॅमेरा कुठला?" दुसरा येतो, "थोडं एडिट केलंय ना?" गेली काही वर्षं मी हौसेने असे फोटो काढायला पहाटेचे डोंगर चढतोय, पण "ढग कितीवर संपत होता आणि तू कितीवर उभा होतास?" असं मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. सगळी मेख मात्र त्या दोन आकड्यांत आहे. ढगाचा माथा ९०० मीटरवर असेल आणि तुम्ही १,१०० मीटरवर असाल, तर साधा मोबाइलही काम भागवतो. तुम्ही ८५० मीटरवर असाल, तर सगळ्यात महागडा कॅमेरा घेऊन तुम्ही एका ओल्या, राखाडी भिंतीसमोर उभे आहात.

त्या भिंतीसमोर मी पुष्कळदा उभा राहिलोय. एकदा तर सलग दोन तास. डोक्यावरचं धुकं मधूनच उजळायचं, सूर्याची फिकट थाळी दिसतेय असं वाटायचं आणि पुन्हा सगळं बंद. त्याच सकाळी शेजारच्या धारेवर गेलेल्या एका ओळखीच्या माणसाचे फोटो नंतर पाहिले. अप्रतिम होते. त्यांत जो ढगांचा समुद्र दिसत होता, त्याच्या बुडाशी मी डबा उघडून बसलो होतो. नकाशावर मोजलं तर आमच्या दोघांच्या उंचीत जेमतेम ऐंशी मीटरचा फरक! त्या दिवसापासून मी लेन्सबद्दल वाचणं कमी केलं आणि हवेबद्दल वाचायला लागलो.

झाकण कसं बसतं

वर जावं तसं गार होत जातं, हे आपण शाळेत शिकतो. सरासरी धरायची तर दर किलोमीटरला साडेसहा अंश सेल्सिअस. दिवसा जमीन तापते, तिला लागून असलेली हवा तापून हलकी होते, वर चढते, तिची जागा गार हवा घेते. हवा अशी सतत ढवळली जात असली की ढग पिंजलेल्या कापसासारखे वर वर फुगतात. त्यांचा सपाट समुद्र होत नाही.

निरभ्र आणि शांत रात्री मात्र खेळ उलटतो. जमीन दिवसभराची उष्णता आकाशात सोडत राहते. आकाशात ढग असते, तर त्यांनी त्यातली बरीचशी परत खाली पाठवली असती. ती गोधडी नसली की जमीन भराभर गारठते आणि तिला टेकलेली हवाही गारठते. गार हवा जड असते. डोंगरउतारांवरची अशी हवा पाण्यासारखी ओघळत खाली उतरते आणि दरीत साचते. मध्यरात्र उलटेपर्यंत दरीत गार हवेचं तळं तयार होतं आणि त्याच्या वर आदल्या दिवशीची उबदार हवा तशीच राहते. म्हणजे दरीच्या तळापासून वर चढत गेलं तर काही अंतरापर्यंत गार होण्याऐवजी ऊब वाढत जाते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. फोटोवाले नुसतं 'इन्व्हर्जन' म्हणून मोकळे होतात. पहाटे डोंगर चढणाऱ्याला हे पुस्तकाशिवायच कळलेलं असतं. पायथ्याशी कुडकुडत बुटांच्या नाड्या बांधलेल्या असतात आणि अर्ध्या वाटेवर जाकीट काढावंसं वाटतं. ते सगळं काही चढाच्या दमाने होत नाही.

हा उबदार थर झाकणाचं काम करतो. खालची हवा थोडी वर ढकलली गेली, तरी तिथल्या उबदार हवेपेक्षा ती जड ठरते आणि पुन्हा खाली बसते. वरखाली मिसळणं जवळपास थांबतं. आता या कोंडलेल्या हवेत पुरेसं बाष्प असेल आणि ती गार होत होत दवबिंदूपर्यंत पोचली, तर त्या बाष्पाचे थेंब होतात. थेंब म्हणजे किती, तर बहुतेक १० ते २० मायक्रॉन. माणसाचा केस त्यांच्यापेक्षा कितीतरी जाड असतो. असे अब्जावधी थेंब तरंगत राहिले की दरीतला माणूस म्हणतो धुकं पडलंय आणि शिखरावरचा म्हणतो खाली ढग आहेत. दोघांचंही खरं.

मला सगळ्यात जास्त कुतूहल होतं ते त्या माथ्याच्या सपाटपणाचं. कापसाच्या गादीवरून हात फिरवल्यासारखा तो एका पातळीत कसा काय येतो? यातली गंमत अशी की एकदा धुकं दाट झालं, की आकाशात उष्णता सोडण्याचं जमिनीचं काम धुक्याचा माथाच अंगावर घेतो. माथ्याकडची हवा गार होते, जड होऊन धुक्यातच खाली बुडते, त्याने आतली हवा ढवळते आणि धुकं आणखी दाट, आणखी जाड होतं. माथ्याच्या लगेच वर मात्र ऊबच असते. त्यामुळे दोन-चार मीटरच्या अंतरात गार-उबदार आणि ओलं-कोरडं अशी सीमा तयार होते आणि कड सुरीने कापल्यासारखी दिसते. धुकं स्वतःचं झाकण स्वतःच घट्ट करून घेतं, असं म्हणायला हरकत नाही.

वाऱ्याचं प्रमाण नाजूक असतं. हवा अगदीच निपचित पडलेली असेल, तर बाष्प गवतावर दव होऊन बसतं आणि धुकं धरत नाही. वारा जोराचा असेल, तर वरची कोरडी हवा खाली मिसळते आणि सगळा कारभार आटोपतो. पानं हलतील न हलतील एवढी झुळूक हवी. त्यात रात्र लांब असावी, दोन दिवसांपूर्वी पाऊस होऊन जमीन ओली असावी आणि दरीतून एखादी नदी वाहत असावी. एवढं जुळलं की मी गजर लावतो.

समुद्रही एक प्रकारचा नसतो

दरीतलं हे तळं घरगुती म्हणावं इतकं लहान. दुसऱ्या प्रकारचं झाकण शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं. जास्त दाबाच्या प्रदेशात वरची हवा हळूहळू खाली बसत असते. खाली येताना ती दाबली जाते आणि दर किलोमीटरला जवळपास दहा अंशांनी तापते. खाली मात्र समुद्राला लागून गार, दमट हवेचा थर असतो. या दोन्हींच्या सीमेवर झाकण बसतं आणि त्याखाली ढगांची चादर पसरते. कॅनरी बेटांतलं टेनेरिफ हे याचं नामांकित ठिकाण. तिथल्या टेइडे या ज्वालामुखीची उंची ३,७१५ मीटर. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे बेटाच्या उतारावर ढग आणून टाकतात, पण झाकणामुळे ते ढग सहसा दोन हजार मीटरच्या वर येत नाहीत. उरलेला डोंगर कोरड्या उन्हात.

ढगांच्या वर डोंगरमाथ्यावर जावं, तिथली हवा दुर्बिणीसाठी चांगली असेल, असं न्यूटनने लिहून ठेवलं होतं. १८५६ साली स्कॉटलंडचा राजखगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ दुर्बिणी घेऊन टेनेरिफच्या डोंगरावर चढला तो ते पडताळून पाहायला. न्यूटनचं म्हणणं खरं ठरलं. स्मिथला फोटोग्राफीचंही वेड होतं. १८५८ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात त्याने तिथे काढलेली स्टिरिओ छायाचित्रं चिकटवलेली होती. म्हणजे ढगांच्या वर कॅमेरा नेण्याची हौस फोटोग्राफीच्या जवळपास जन्मापासूनची आहे.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला माउंट टॅमलपायस नावाचा ७८४ मीटरचा डोंगर आहे. तिथे थंड सागरी प्रवाहावरून येणारी दमट हवा ऐन उन्हाळ्यात धुकं होऊन खाली पसरते आणि टेकड्यांवरून लाटांसारखी वाहते. याला पहाटेची वाट पाहावी लागत नाही, कारण हे धुकं रात्रीच्या गारठ्याने होत नाही. ते समुद्रावरून येतं. त्यामुळे तिथले नावाजलेले फोटो पुष्कळदा सूर्यास्ताचे असतात. सांगायचा मुद्दा असा की आपल्या डोंगराखाली कुठलं धुकं साचतं हे आधी समजून घ्यावं. त्यावर गजर पहाटे चारचा लावायचा की दुपारी जेवून निघायचं, हे ठरतं.

तिसरा प्रकार म्हणजे पाऊस किंवा बर्फ थांबल्यावर सुळक्यांमध्ये अडकून राहिलेले तुटक ढग. चीनमधल्या ह्वांगशानची प्रसिद्ध दृश्यं बरीचशी अशा वेळची असतात. ते फार देखणे दिसतात, पण पाच मिनिटांत येतात आणि जातात. त्यांचा नेमका अंदाज बांधायच्या फंदात मी पडत नाही.

आदल्या संध्याकाळचा अभ्यास

हवामानाच्या कुठल्याही साइटवर तापमानाशेजारी दवबिंदू दिलेला असतो. बहुतेक लोक तो बघतच नाहीत. मी आधी तोच बघतो. समजा संध्याकाळी तापमान १६ अंश आहे, दवबिंदू ११ आणि पहाटेचं किमान तापमान ८ सांगितलंय. म्हणजे हवा दवबिंदूच्या खाली जाऊ पाहणार, पाणी बाहेर पडणार. आशा आहे. दवबिंदू २ असेल आणि पहाट ८ अंशांची असेल, तर धुकं नाही. झोपून घ्यावं. त्यानंतर रात्रीचं आकाश निरभ्र आहे का आणि वारा किती आहे, एवढंच.

इथे एक इशारा. तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या दर अंशाच्या फरकाला १२५ मीटर धरून ढगाची उंची काढण्याचं एक सूत्र पुष्कळांना माहीत असतं. सूत्र चांगलं आहे, पण ते दुपारी तापून वर चढणाऱ्या हवेतल्या ढगाच्या बुडाचं आहे. आपल्याला हवाय झाकणाखालच्या ढगाचा माथा. हे सूत्र इथे लावलं की आकडा येतो, आणि तो चुकीचा असतो.

मग माथा कुठे असेल, हे कसं कळावं? सोपा मार्ग म्हणजे एकाच परिसरातल्या उंच आणि सखल अशा दोन हवामान केंद्रांचे आकडे शेजारी ठेवणं. डोंगरावरचं केंद्र दरीतल्या केंद्रापेक्षा उबदार दाखवत असेल, तर झाकण त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसलंय. डोंगरावर वेबकॅम असेल तर सोन्याहून पिवळं. निघण्याआधी एक नजर टाकायची; चांदणं दिसतंय की नुसता करडा पडदा?

जरा खोलात शिरायची तयारी असेल, तर हवामान फुग्यांचे आलेख बघावेत. जगभर ठरावीक ठिकाणांहून दिवसातून दोनदा, जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री आणि दुपारी बाराच्या सुमारास, उपकरणं लावलेले फुगे सोडतात. त्यांनी मोजलेले आकडे आलेखाच्या रूपात सर्वांना खुले असतात. आलेख पहिल्यांदा पाहिला की डोळे फिरतात, पण आपल्याला त्यातल्या दोनच रेषा हव्यात, एक तापमानाची आणि एक दवबिंदूची. दोन्ही एकमेकींना चिकटून वर चाललेल्या असतील, तर त्या थरात ढग आहे. मग एका ठिकाणी तापमानाची रेषा उजवीकडे उसळी मारते आणि दवबिंदूची डावीकडे पळते. रेषांची ती फारकत जिथे होते तिथे ढगाचा माथा. उभ्या अक्षावर मीटरऐवजी हवेचा दाब असतो. ९२५ हेक्टोपास्कल म्हणजे ढोबळमानाने ७५० मीटर, ८५० म्हणजे दीड हजार आणि ७०० म्हणजे तीन हजार मीटर. इतकं पाठ असलं तरी पुरतं.

फुगा शंभर किलोमीटरवरून सुटत असेल, तर मोठ्या समुद्रासाठी तो आलेख उपयोगी पडतो. दरीतल्या तळ्यासाठी फारसा नाही. प्रत्येक दरीचा स्वभाव वेगळा. तिथे अनुभवच कामाला येतो, आणि त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

एकूण हिशेब असा की अंदाजलेल्या माथ्याच्या दीड-दोनशे मीटर वरची जागा निवडावी, आणि जिथून गरज पडली तर आणखी वर जायची वाट आहे अशी निवडावी. मग सरळ सगळ्यात उंच शिखरच का गाठू नये? कारण फार वरून पाहिलं की समुद्राची सतरंजी होते. लाटा सपाट दिसतात, लहान शिखरं दबून जातात. माथ्याच्या जरा वरून, तिरप्या नजरेने पाहिलं की प्रत्येक सुळका उठून दिसतो आणि ढगांच्या वळ्यांना सावल्या मिळतात. आणि दूरचं काही कमी दिसेल अशी भीतीही नको. क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये हवं असेल, तर उंचीच्या मीटरचं वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणायचं. ढगाच्या माथ्यापेक्षा फक्त १०० मीटर वर असलात, तरी तो पांढरा समुद्र ३५ किलोमीटरपर्यंत दिसू शकतो आणि त्यापलीकडची उंच शिखरंही दिसतात.

पहाटे

सूर्योदयाच्या पाऊण तास आधी जागेवर असावं. निळसर उजेडात ढगाला सावल्या नसतात, तो दुधासारखा एकसंध दिसतो, आणि ती वेळ मला स्वतःला सूर्योदयापेक्षा जास्त आवडते. सूर्य वर आला की धुकं पळून जाईल, ही समजूत मात्र अर्धीच खरी. सुरुवातीच्या उन्हाने दव वाफ होऊन हवेत येतं आणि आतली हवा ढवळायला लागते. त्यामुळे धुक्याचा माथा आधी वर चढतो. कित्येकदा सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने धुक्याने मला गिळलंय. म्हणून ट्रायपॉड पसरून, बॅग उघडी टाकून निवांत बसू नये. वर सरकायची तयारी असावी. नंतर जमीन तापते, धुकं कडांकडून आणि जिथे पातळ आहे तिथून विरायला लागतं, त्याला भोकं पडतात, खालची शेतं आणि रस्ते डोकावतात. पुष्कळ लोक या वेळी आवरायला घेतात. त्यांनी घेऊ द्यावं. चिंध्या झालेल्या ढगांतून उन्हाच्या तिरिपा उतरतात त्या याच वेळी.

कॅमेऱ्याची गैरसमजूत

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा भाग एक गोष्ट गृहीत धरून चालतो, ती म्हणजे समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे. बहुतेक दृश्यांत हे निभावून जातं. पण चौकटीचा दोन तृतीयांश भाग पांढराशुभ्र ढग असेल, तर तो त्या ढगालाच करडं करायला बघतो, आणि फोटो मळकट येतो. ऊन तुमच्या पाठीमागून येत असेल, तर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवावं (एक स्टॉप वाढवणं म्हणजे उजेड दुप्पट करणं). मोबाइलवर ढगावर बोट दाबून उजेडाची पट्टी जरा वर सरकवायची, तेच काम.

पण किती वाढवायचं, हे स्क्रीनवरचा फोटो बघून ठरवू नये. पहाटेच्या अंधारात स्क्रीन नेहमीच उजळ भासते. हिस्टोग्राम बघावा. तो म्हणजे नुसती मोजदाद. डावीकडे काळे बिंदू किती, उजवीकडे पांढरे किती. ढगाचा डोंगर उजव्या भिंतीजवळ यावा, पण भिंतीवर चढू नये. भिंतीवर चढला तो भाग कोरा कागद झाला, तिथला तपशील कायमचा गेला. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी, काढत असाल तर सावल्या नंतर बऱ्यापैकी उजळता येतात. उडालेला पांढरा रंग मात्र परत येत नाही.

सूर्य समोर असेल तर अडचण दुप्पट. आकाश आणि काळे पडलेले कडे यांतला फरक एका फोटोत मावत नाही. उपाय जुनाच आहे. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराला समुद्र आणि आकाश दोन्ही एकाच काचेवर धरता येईनात, म्हणून त्याने एक निगेटिव्ह समुद्रासाठी आणि एक आकाशासाठी वापरली आणि दोन्ही जोडून एक प्रिंट काढली. आज आपण दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो घेऊन जोडतो, त्याचं तत्त्व हेच. "एडिट केलंय ना?" विचारणाऱ्यांना मी हल्ली ल ग्रे सांगतो.

रंगाच्या बाबतीत कॅमेऱ्याला ऑटोवर सोडू नये. ढगाच्या उन्हातल्या वळ्या सोनेरी असतात; सावलीतल्या निळ्या, कारण त्यांच्यावर ऊन नसतं, फक्त निळ्या आकाशाचा उजेड असतो. हा सोनं-निळ्याचा झगडा म्हणजेच तो फोटो. ऑटो व्हाइट बॅलन्सला दोन्ही दोष वाटतात आणि तो दोन्ही पुसतो. ५,२०० केल्विनच्या आसपास, म्हणजे दिवसाच्या उजेडावर, तो पक्का ठेवून द्यावा.

ढगाचा समुद्र डोळ्यांना थिजलेला वाटतो, पण तो सतत हलत असतो, टबातल्या पाण्यासारखा एका काठावरून दुसऱ्या काठाला हेलकावत. ते दाखवायचं तर शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. सेकंदाच्या तिसाव्या भागात मिळणारा फोटो दहा स्टॉपच्या काळ्या फिल्टरने साधारण ३४ सेकंदांचा होतो. खिंडीतून धबधब्यासारखा ओतणारा ढग यात रेशमासारखा दिसतो. पण ज्या दिवशी ढगाला स्वतःचा सुरेख पोत असतो, बारीक सुरकुत्या, एकामागे एक वळ्या, त्या दिवशी लांब एक्स्पोजर म्हणजे तो पोत आपल्या हाताने पुसून टाकणं. नवा फिल्टर घेतला की काही महिने ही चूक सगळेच करतात. मीही केली.

फोकस कड्याच्या धारेवर करावा. ढगावर लेन्स नुसती पुढेमागे चाचपडत राहते. एफ ८ च्या आसपास छिद्र पुरतं. लेन्सवर दव बसतं, तेव्हा मऊ फडकं खिशात, अंगाच्या उबेत ठेवावं. गारठ्यात बॅटरी लवकर मान टाकते. तीही खिशातच.

लांब लेन्स, आणि समोरचा डोंगर

एवढं विराट दृश्य समोर असलं की हात आपोआप रुंद लेन्सकडे जातो. घरी आल्यावर दिसतं की शिखरांचे मुंगीएवढे ठिपके झालेत आणि मध्ये पांढरं मैदान पडलंय. माझे ठेवण्याजोगे फोटो बहुतेक ७० ते २०० मिलिमीटरच्या लेन्सने काढलेले आहेत. लांब लेन्स धारांमागच्या धारा जवळ आणते, आणि मग हवा आपलं काम करते. हवेतले रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरतात. त्यामुळे दर मागची धार पुढच्या धारेपेक्षा थोडी फिकट, थोडी निळी होत जाते. एडिट करताना धूसरपणा काढणारी 'डीहेज'ची पट्टी ओढली की हे सगळे थर एका पातळीवर येऊन आदळतात. ती पट्टी न शिवलेलीच बरी.

कुठे उभं राहायचं, याचा उत्तम धडा जपानमधल्या ताकेदा किल्ल्याच्या अवशेषांवर मिळतो. ३५३ मीटर उंचीच्या टेकडीवर दगडी जोती उरलेली आहेत. शरद ऋतूत खालच्या मारुयामा नदीवर धुकं साचतं आणि किल्ला ढगात तरंगतोय असं दिसतं. पण ते किल्ल्यात उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही! त्यासाठी नदीपलीकडच्या डोंगरावर जावं लागतं. सगळ्यात देखण्या शिखरावर चढलात, तर तुमच्या फोटोत तेवढं एक शिखर नसणार. समोरचा, नाव नसलेला डोंगर शोधावा.

चौकटीत एखादी ओळखीची वस्तूही लागते. एक झाड, एक मनोरा, धारेवरचा एक माणूस. त्याशिवाय ढगाच्या वळ्या दहा मीटरच्या आहेत की हजार मीटरच्या, हे डोळ्याला ठरवता येत नाही.

पाठीवर ऊन, समोर सावली

सूर्य पाठीशी आणि खाली जवळच ढग असेल, तर कॅमेरा ठेवून आधी सावलीकडे बघावं. ढगावर आपली लांबलचक सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत कडी उमटतात, तांबडं बाहेरच्या बाजूला. जर्मनीतल्या ब्रोकेन या १,१४१ मीटरच्या डोंगरावरून या सावलीला ब्रोकेनचं भूत म्हणतात. तिथे वर्षातले सुमारे ३०० दिवस धुकं असतं, त्यामुळे भुताला तोटा नाही. सावली राक्षसी वाटते, कारण ती पडद्यावर पडल्यासारखी एका पातळीवर पडत नाही, धुक्याच्या जाडीत आतवर पसरते आणि आपण तिला दूरच्या डोंगराएवढं समजून बसतो. फोटोत हा भास टिकत नाही, म्हणून भूत नेहमी अपेक्षेपेक्षा लहान निघतं. झूम करावं. शेजारी दहा जण उभे असले, तरी कडी प्रत्येकाला फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतात. यावरून गटात दर वेळी एक तरी वाद होतो.

ही कडी शोधायची कुठे, तर सूर्य क्षितिजाच्या जितके अंश वर, तितकेच अंश क्षितिजाच्या खाली, बरोबर विरुद्ध दिशेला. म्हणून सूर्य खाली असताना ती हाताशी येतात. त्यांच्याभोवती खूप मोठं, जवळपास रंगहीन धुकेरी धनुष्यही कधी कधी दिसतं. ते पूर्ण मावायला २० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद लेन्स लागते. रुंद लेन्स बॅगेत असावी ती यासाठी.

सप्टेंबर १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन हा तरुण स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिसच्या माथ्यावरच्या वेधशाळेत काही दिवस राहिला होता. ढगांवरची ही कडी पाहून तो इतका भारावला की प्रयोगशाळेत तसाच ढग तयार करायच्या मागे लागला. त्यातून पुढे मेघकक्ष हे उपकरण तयार झालं. त्यात अणूंहून सूक्ष्म कणांचे मार्ग थेंबांच्या रेषांनी दिसतात. १९२७ साली त्याला त्याबद्दल नोबेल मिळालं.

उतरताना आपण पुन्हा त्याच धुक्यात शिरतो, आणि खाली वरच्यापेक्षा गारठा असतो, हे विसरू नये. अंधार असेल तर कपाळावरची बॅटरी काढून कमरेजवळ हातात धरावी. कपाळावरून तिचा उजेड थेट डोळ्यांसमोरच्या थेंबांवर आपटून परत येतो आणि वाट दिसत नाही.

घरी पोचल्यावर मी फोटो उघडायच्या आधी नकाशा उघडतो. फोटोत ढगाची कड डोंगराला नेमकी कुठे टेकली होती, कुठल्या देवळाच्या वर, कुठल्या वळणाच्या खाली, ते बघून समोच्चरेषांवरून उंची काढतो. मग वहीत एक ओळ. तारीख, आदल्या संध्याकाळचं तापमान, दवबिंदू, वारा, ढगाचा माथा. नुसत्या धुक्यात बसून आलेल्या सकाळींचीही ओळ असते. तिथे माथ्याच्या रकान्यात मी उभा होतो ती उंची आणि पुढे अधिकचं चिन्ह.